झाकल्या मुठीचे दुखणे

साबर बोंडं म्हणजे काय, हे शिरूर-दौंडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. माळावर, बांधाच्या कडेला फड्या निवडुंगावर धरणारी ही लालबुंद फळे. आत गोड आणि रसाळ, वरून मात्र धड डोळ्यांना दिसणारही नाहीत असे बारीक काटे. घाईने तोडायला जाणाऱ्याच्या बोटात ते शिरतात आणि पुढचे दोन दिवस सलत राहतात.

याच फळाचे नाव घेतलेला रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे जागतिक कथापट विभागातला ज्युरीचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला. त्याच वर्षी सप्टेंबरात तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. गोष्ट साधी आहे. मुंबईत नोकरी करणारा, तिशीतला आनंद वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. भावकी जमलेली असते. अनवाणी राहायचे, हे खायचे नाही, ते घालायचे नाही, असे नियम चालू असतात आणि दुःखाच्या त्या घरातही नातेवाइकांचा एक प्रश्न थांबत नाही : लग्न कधी करणार? आनंदला पुरुषांविषयी आकर्षण आहे. त्याच्या आईला ते ठाऊक आहे, बाकी कोणाला नाही. गावातच त्याचा लहानपणीचा मित्र बाळ्या आहे, शेती करणारा. त्याच्याही घरून लग्नाचा लकडा लागलेला आहे. या दोघांत जे घडते, ते फार थोड्या शब्दांत घडते.

आरोग्याच्या सदरात चित्रपटाचे काय काम, असे वाचकांना वाटेल. काम आहे. त्या दहा दिवसांत पडद्यावर जे न बोलता चालते, ते आमच्या बाह्यरुग्ण विभागात पोटदुखी, डोकेदुखी, झोप न लागणे, छातीत धडधड, ‘अंगात ताकदच नाही’ अशा नावांनी येते. शब्दांना वाट मिळाली नाही की शरीर बोलायला लागते, हे वैद्यकशास्त्राला जुनेच ठाऊक आहे.

लग्नसराईच्या आधी सरकारी दवाखान्यात एक ठरावीक दृश्य दिसते. पंचविशीचा धडधाकट मुलगा, सोबत आई किंवा चुलता. रक्त तपासले, सोनोग्राफी केली, सगळे नॉर्मल. तरी दुखणे थांबत नाही. मग मुलाला बाहेर पाठवून आई हळू आवाजात म्हणते, “सायेब, पोरगं लग्नाला नाहीच म्हणतंय. एखादी गोळी, इंजेक्शन द्या की.” आता लग्न नको म्हणणारा प्रत्येक मुलगा समलिंगी असतो असे अजिबात नाही. कोणाला नोकरी नसते, कोणाचे दुसरीकडे जमलेले असते, कोणाला हस्तमैथुनामुळे आपण ‘निकामी’ झालो अशी निराधार भीती असते. पण या सगळ्यांत काही मुले अशी असतात की त्यांना खरे कारण पक्के माहीत असते, आणि ते सांगायला अख्ख्या तालुक्यात एकही माणूस नसतो.

आजार नसलेल्या गोष्टीवर औषध नसते

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. समलिंगी आकर्षण हा आजार नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये ते आजारांच्या यादीतून काढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून ते १७ मे १९९० रोजी गेले. आपल्याकडे मानसिक आरोग्य कायदा, २०१७ सांगतो की एखाद्याचे वागणे समाजाच्या नैतिक-सांस्कृतिक कल्पनांत बसत नाही म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, आणि लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येणार नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या गुन्ह्यातून बाहेर काढले.

तरीही ‘हार्मोनची तपासणी करा’ ही मागणी येतच राहते. प्रौढ समलिंगी पुरुषांत पुरुषी संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, कमी असते असे आढळत नाही. ते बाहेरून टोचले तर इच्छा फार तर वाढेल, तिची दिशा बदलणार नाही. उलट गरज नसताना घेतलेल्या या इंजेक्शनांनी वृषणे आकसतात आणि शुक्राणू घटतात. ‘मर्दानगी’साठी दिलेले औषध वंध्यत्व देऊन जाते, ते असे.

हे आकर्षण येते कुठून, याचे एका वाक्यात उत्तर नाही. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात समलैंगिकतेचे एकच एक जनुक सापडले नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा आणि बाकी इतर कारणे, असा निष्कर्ष निघाला. उंचीचे किंवा डावखुरेपणाचेही असेच आहे. आईने लाड केले, बापाने मारले, मोबाइल हातात आला किंवा पुण्याच्या वसतिगृहात राहिला म्हणून मुलगा ‘तसा’ झाला, याला शास्त्रात आधार नाही. आणखी एक गल्लत आपल्याकडे सर्रास होते. समलिंगी पुरुष म्हणजे तृतीयपंथी नव्हे. आपण कोण आहोत, ही जाणीव वेगळी आणि आपल्याला कोण आवडते, ही बाब वेगळी. म्हणूनच नांगर धरणारा, कुस्ती खेळणारा, रांजणगावच्या कारखान्यात तीन पाळ्यांत राबणारा मुलगाही समलिंगी असू शकतो आणि शेजाऱ्याला जन्मभर पत्ता लागत नाही.

दुखणे कशाचे आहे?

मग आजार नाही तर त्रास का होतो? त्रास लपवण्याचा होतो. सतत दबावाखाली राहणाऱ्या अल्पसंख्य गटांच्या आरोग्याचा अभ्यास करणारे इलान मेयर यांनी २००३ मध्ये याची नीट मांडणी केली. रोजचा अपमान, अपमानाची भीती, स्वतःविषयीची घृणा आणि लपवण्याची अखंड खबरदारी या चार गोष्टी मिळून एक जादा ताण तयार होतो. तो इतरांच्या वाट्याला येणाऱ्या संसाराच्या, पैशाच्या ताणावर चढतो. नैराश्य, चिंता, व्यसन आणि आत्महत्येचे विचार या लोकांत जास्त आढळतात, त्याचे मूळ या ताणात आहे.

कल्पना करा. मित्र मुलींविषयी बोलत असताना हसावे लागते. फोन उलटा ठेवावा लागतो. चालणे, बोलणे, हातवारे यांवर पहारा ठेवावा लागतो. गावच्या यात्रेत, लग्नाच्या पंगतीत, अगदी बापाच्या दहाव्यालाही सावध राहावे लागते. धोक्याची घंटा शरीरात चोवीस तास वाजत राहिली की झोप उडते, आम्लपित्त वाढते, आतडी रुसतात, मान आणि पाठ धरते. रात्री झोपेसाठी ‘थोडी’ घ्यायची सवय लागते. डॉक्टर पोटाची गोळी बदलत राहतात. सहनही होत नाही आणि सांगताही येत नाही, या जुन्या म्हणण्यातले पहिले सहा महिने मनाचे असतात, पुढचे शरीराचे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. घराण्याच्या अब्रूच्या हिशेबात ते खरे असेलही. पण ज्याची मूठ आहे, त्याच्या बोटांना कळ लागते, त्याचा हिशेब कोणी धरत नाही.

लपवाछपवीचा दुसरा धोका संसर्गाचा आहे. अंधारात, घाईत, अनोळखी माणसाशी आलेल्या संबंधांत निरोध मागे पडतो. नंतर तपासणीला यायची भीती वाटते. आमच्याकडच्या मोफत एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात गुप्तता पाळणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. आज एचआयव्हीवरची औषधे नियमित घेऊन रक्तातला विषाणू सापडण्याच्या पातळीखाली गेला, की लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. इतके चांगले उपचार हाताशी असताना माणूस केवळ लाजेपोटी उशिरा येतो, ही आरोग्यव्यवस्थेची हार आहे.

लग्न हा उपचार नव्हे

‘एकदा दोनाचे चार केले की सगळे ठीक होते’ हा आपला सर्वात जुना आणि सर्वात महागडा घरगुती उपाय. महागडा यासाठी, की त्याची किंमत जिने काहीच केलेले नाही अशी एक मुलगी मोजते.

असे लग्न झाल्यावर काय होते, ते डॉक्टरांना दुसऱ्याच दाराने दिसते. दोन वर्षांनी सासू सुनेला घेऊन येते : “पाळणा हलत नाही.” सुनेच्या रक्ताच्या तपासण्या होतात, सोनोग्राफी होते, नळ्या तपासण्याचा सल्ला मिळतो. उपास-तापास, नवस, अंगारे-धुपारे होतात. नवऱ्याची तपासणी मात्र ‘त्याला काय झालंय?’ म्हणून टळत राहते. आणि खोलीत दोघांत काही घडतच नाही, हे ती बापडी कोणाला सांगणार? तिला वाटते, आपल्यातच खोट आहे. एका मौनाची दोन मौने होतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तो दोघांनाही बसतो.

म्हणून कोणत्याही आईबापांना मी इतकेच म्हणेन : आपल्या मुलाची दया येत नसेल, तर दुसऱ्याच्या मुलीची येऊ द्या.

मुलींचे तर याहून कठीण. समलिंगी मुलाला निदान शिक्षण, नोकरी अशी चार वर्षे पुढे ढकलता येतात. मुलीला अठरा पूर्ण झाली की स्थळे सुरू होतात आणि तिचे ‘नको’ हे लाजणे समजले जाते. विजय तेंडुलकरांनी १९८१ मध्ये ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात पुण्यातल्या अशाच एका मुलीची शोकांतिका मराठी रंगभूमीवर मांडली होती. त्याला चार दशके उलटली. नाटक पाहिलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, पण आमच्या केसपेपरवर अशा मुलींच्या नावापुढे आजही ‘अंगात येते’, ‘दातखीळ बसते’ एवढेच लिहिलेले असते.

हे शहरातले थेर नव्हेत

‘ही शहरातली, परदेशातली फॅडे’ हा आक्षेप नेहमीचा. ‘साबर बोंडं’ने त्याला शेतात उभे राहून उत्तर दिले आहे. चित्रपटातला बाळ्या कोणत्याही परदेशी संस्कृतीतून आलेला नाही. तो त्याच मातीतला आहे आणि त्याचे आकर्षणही त्याच मातीतले आहे. बाहेरून काही आले असेलच, तर ते कलम ३७७. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत ते घालून ठेवले आणि स्वतःच्या देशातला तसला कायदा मोडीत काढल्यावरही आपण ते पन्नास वर्षे जपले.

या विषयावर मराठीत बोलणेही नवे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ मध्ये जग सोडेपर्यंत ते चालवले. वाचक आपल्या लैंगिक शंका पत्राने विचारत आणि कर्वे त्यांना शास्त्राच्या आधारे उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण प्रश्न लैंगिक असला तरी विचारणाऱ्याला ज्ञान नाकारता येत नाही, ही भूमिका मराठी माणसाने कोर्टात उभे राहून नव्वद वर्षांपूर्वी घेतली होती. आज आपण त्यांच्यापेक्षा मागे असू, तर दोष परंपरेचा नाही, आपला आहे.

घराने काय करावे?

कानवडे यांच्या चित्रपटातले मला सर्वात मोलाचे वाटलेले पात्र आहे आनंदची आई. ती फार शिकलेली नाही, चळवळीतली नाही. मुलाशी ती मोठी चर्चा करत नाही. पण नातेवाईक त्याला घेरतात, तेव्हा ती मध्ये उभी राहते. वैद्यकीय भाषेत सांगायचे तर तिने केले ते सर्वात प्रभावी प्रतिबंधक उपचार आहेत. घराने स्वीकारलेल्या समलिंगी तरुणांत नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न लक्षणीय कमी असतात, घराने झिडकारलेल्यांत ते कितीतरी जास्त असतात. हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे.

फिलिपिन्स हा कॅथलिक धर्माचा मोठा पगडा असलेला, आपल्यासारखाच कुटुंबाला घट्ट धरून राहणारा देश. तिथेही अल्प खर्चातल्या स्वतंत्र चित्रपटांनी हा विषय घरात आणला. २००५ मध्ये आलेला ऑरियस सोलितो यांचा ‘द ब्लॉसमिंग ऑफ मॅक्सिमो ऑलिव्हेरोस’ हा त्यांतला गाजलेला. मनिलाच्या झोपडपट्टीत राहणारा बारा वर्षांचा मॅक्सिमो, आई नसलेला, बाप आणि भाऊ किरकोळ चोऱ्यामाऱ्या करणारे. पोराच्या चालण्या-बोलण्यात मुलींची ढब आहे, घरातला स्वयंपाक तोच करतो. त्या घरात कायदा पाळला जात नाही, पण पोराला तो जसा आहे तसा सांभाळला जातो. मुलाला जवळ घ्यायला पैसा, पदवी किंवा पुढारलेपण लागत नाही, हे तिकडच्या गरीब वस्तीतही दिसते आणि इकडच्या कोरडवाहू गावातही.

मग मुलाने किंवा मुलीने सांगितलेच तर? ओरडू नका. रडू आले तर रडा, पण ‘कोणाला सांगितलंस तर याद राख’ म्हणू नका. शपथा घालू नका. लगेच सगळे समजले पाहिजे असे नाही. ‘मला वेळ लागेल, पण तू माझाच आहेस’ एवढे वाक्य त्या रात्रीपुरते पुरते. आणि भोंदू वैद्य, बाबा, ‘महिन्यात फरक’वाले यांच्या दारात जाऊ नका. असे बदलून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरांबाबतही सावध राहा. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये अशा ‘परिवर्तन उपचारा’ला व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे.

आम्ही काय करावे?

आमच्या व्यवसायालाही बोल लावावा लागेल. २०२४ मध्ये याच आयोगाने न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत घातले आणि टीका झाल्यावर काही दिवसांत ते मागे घेतले. म्हणजे कायदा बदलला, तरी शिकवणाऱ्यांच्या डोक्यातली पाने उलटायला वेळ लागतो.

तालुक्याच्या दवाखान्यात सर्वात मोठी उणीव औषधाची नाही, आडोशाची आहे. एका टेबलाभोवती चार रुग्ण उभे असतात. शिपायापासून औषध देणाऱ्यापर्यंत कोणीतरी भावकीतले, नाहीतर गाववाले निघतेच. इथे मुलगा काय बोलणार? म्हणून दौंडचा मुलगा गाडी पकडून पुण्याला जातो, शिरूरचा एसटीने. ज्याच्याकडे भाड्याचे आणि फीचे पैसे नाहीत, तो कुठेच जात नाही. यासाठी नवी इमारत नको. आठवड्यातून एक दुपार, दार लावता येईल अशी एक खोली आणि ‘इथे बोललेले बाहेर जात नाही’ अशी एक पाटी पुरे. किशोरवयीनांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या भेटीत हा विषय उघडपणे घ्यावा. आशाताई आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणात त्याला एक तास द्यावा. आणि आम्ही डॉक्टरांनी ‘लग्न झालंय का?’ या प्रश्नानंतर ‘का नाही?’ असे सर्वांदेखत विचारणे बंद करावे. ते एकट्यात आणि हळू विचारावे.

ज्या तरुण वाचकाने हा लेख कोणी बघत नाही ना हे पाहून वाचला असेल, त्याच्यासाठी दोन शब्द. तुला झालेले काही नाही. सगळ्यांना सांगण्याची घाई करू नकोस, घरातून बाहेर काढले जाण्याची भीती असेल तर आधी शिक्षण आणि कमाई पक्की कर. पण एका विश्वासू माणसाला सांग. असे कोणी नसेल, तर सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि ती मराठीतही बोलते. जीव नकोसा वाटत असेल तर आजच फोन कर, किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात ये. आत्महत्येचा विचार मनात येणे हा गुन्हा नाही, तो उपचार मागणारा आजार आहे.

आणि आईबापांनो, मुलगा लग्नाला नाही म्हणाला, तर एकदा त्याला एकट्याला घेऊन बसा आणि कारण विचारा. उत्तर काहीही आले, तरी जागेवरून उठू नका.